'आइसमॅन' : नमुना की माणूस?

संशोधनाच्या तयारीत आपण रिसर्च मेथडॉलॉजी वाचतो, त्यात एथिक्सचं एक प्रकरण असतं आणि बहुतेक जण ते परीक्षेपुरतं पाठ करतात. न्यूरेंबर्ग संहिता १९४७, हेलसिंकी जाहीरनामा १९६४, बेलमाँट अहवाल १९७९. सनावळ्या लक्षात राहतात, पण त्यांची गरज का पडली हे डोक्यात शिरत नाही. म्हणून आज एका जुन्या सायन्स फिक्शन सिनेमाच्या वाटेने तिथे जाऊया.

सिनेमा आहे 'आइसमॅन'. १९८४ साली आला. दिग्दर्शक फ्रेड स्केपिसी. आर्क्टिकमधल्या एका संशोधन तळावरच्या शास्त्रज्ञांना बर्फात गोठलेला, सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीचा निअँडरथल माणूस सापडतो. बर्फ वितळवताना तो चक्क जिवंत होतो! जॉन लोन या नटाने ही भूमिका केली आहे. तो आपल्या भाषेत जे नाव सांगतो, त्यावरून सगळे त्याला 'चार्ली' म्हणायला लागतात.

आधी विज्ञान बघू. पेशी गोठते तेव्हा खरा शत्रू थंडी नसते, बर्फाचे स्फटिक असतात. स्फटिक पेशींची आवरणं फाडतात. शिवाय पाण्याचा बर्फ झाला की उरलेल्या द्रवातलं क्षारांचं प्रमाण भलतंच वाढतं. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी दाखवलं की ग्लिसरॉल घातलं तर गोठवलेल्या शुक्रपेशी पुन्हा हालचाल करू शकतात. १९८२ मध्ये विल्यम श्मिड यांनी उत्तर अमेरिकेतल्या काही बेडकांबद्दल लिहिलं, जे हिवाळ्यात गोठूनही जगतात. त्यातल्या वुड फ्रॉगच्या शरीरातल्या निम्म्याहून जास्त पाण्याचा बर्फ होतो, हृदय थांबतं आणि वसंतात ते परत सुरू होतं. पेशी वाचवण्याचं काम यकृतातून येणारं ग्लुकोज करतं. १९८४ मध्येच ऑस्ट्रेलियात गोठवलेल्या भ्रूणापासून बाळ जन्माला आलं. आपल्याकडे कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्येच असं यश मिळाल्याचं सांगितलं होतं, पण त्यांच्या हयातीत त्यांचा दावा मान्य झाला नाही.

म्हणजे सिनेमाची कल्पना हवेतली नव्हती. मात्र मूठभर पेशींचा भ्रूण किंवा छोटासा बेडूक वेगळा आणि अख्खा माणूस वेगळा. इतक्या मोठ्या शरीरात सगळीकडे सारखं संरक्षक द्रव्य पोचवणं आणि सगळं सारख्या वेगाने थंड किंवा गरम करणं आजही जमलेलं नाही. बर्फात टिकलेली प्राचीन माणसं सापडतात, पण मृतच. १९९१ मध्ये आल्प्समध्ये मिळालेला, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा ओट्झी हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण.

विज्ञान एवढंच. 'आइसमॅन'मधलं खरं भांडण वेगळं आहे. तळावरच्या जीवशास्त्रज्ञांचा प्रश्न असा : याच्या शरीरात असं काय आहे ज्यामुळे पेशी टिकल्या? ते सापडलं तर अनेक रुग्णांचा फायदा होईल. मानववंशशास्त्रज्ञ शेपर्डचा (टिमोथी हटन) प्रश्न असा : हा कोण आहे, आणि त्याला काय हवं आहे? दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. इथे कोणी खलनायक नाही, हेच सिनेमाचं बळ. पण चार्लीला ठेवलंय कुठे? तळावरच्या कृत्रिम जंगलात, जिथे त्याच्यावर सतत नजर आहे. शेपर्ड त्याच्याशी बोलायला आत जातो, तोही त्याच निरीक्षणाचा भाग बनून.

आता इतिहासातली एक खरी गोष्ट या सिनेमाच्या शेजारी ठेवून बघा. ऑगस्ट १९११, कॅलिफोर्नियातलं ओरोव्हिल. एका कत्तलखान्याच्या आवारात उपाशी, थकलेला एक मध्यमवयीन माणूस सापडला. तो याही लोकांपैकी होता. सोन्याच्या शोधात आलेल्या वसाहतवाल्यांनी केलेल्या कत्तलींत त्याचे लोक जवळजवळ संपले होते. मानववंशशास्त्रज्ञ थॉमस वॉटरमन त्याला भेटायला गेले. हातातल्या यादीतले शब्द एकेक करून वाचत राहिले. पाइनच्या लाकडासाठीचा शब्द आला, त्यांनी खाटेच्या लाकडावर टकटक केली आणि त्या माणसाचा चेहरा उजळला. त्याने स्वतःचं नाव कधी सांगितलं नाही. आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला 'इशी' म्हटलं. त्याच्या भाषेत अर्थ, माणूस.

इशी सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात राहिला. तिथे त्याला कामाचा पगार मिळे, आणि तो बाणांची टोकं कशी घडवतो ते बघायला रविवारी लोक गर्दी करत. वर्तमानपत्रांनी त्याला अश्मयुगीन माणूस ठरवलं. इथे जरा थांबा. इशी १९११ सालचा माणूस होता, बघायला येणाऱ्यांचा समकालीन. त्याला 'भूतकाळात' ढकललं की त्याच्या लोकांचं काय झालं हा अडचणीचा प्रश्न विचारावा लागत नाही. चार्ली काल्पनिक आणि खरोखर प्राचीन; इशी खरा आणि अजिबात प्राचीन नाही. तरी दोघांना जागा एकच मिळाली : काचेच्या पलीकडची.

मार्च १९१६ मध्ये क्षयाने इशीचा मृत्यू झाला. क्रोबर तेव्हा न्यूयॉर्कला होते. शवविच्छेदन करू नका, असं त्यांनी पत्राने कळवलं होतं. तरी ते झालं आणि मेंदू काढून ठेवला गेला. पुढे खुद्द क्रोबर यांनीच तो मेंदू स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवला. तो इशीच्या नातलग जमातींच्या हाती पडायला २००० साल उजाडलं.

मित्र म्हणवणाऱ्या माणसाने हे का केलं असेल? मला वाटतं, दुष्टपणाने नाही, सवयीने. वस्तू आली की तिची नोंद करायची आणि योग्य संग्रहात ठेवायची, ही त्या काळच्या विज्ञानाची शिस्त होती. जिव्हाळा होता, पण त्या जिव्हाळ्याला नियमाचा आधार नव्हता. मृतांचे अवशेष जमातींना परत द्यावेत, हा अमेरिकेतला कायदाच मुळी १९९० चा.

म्हणूनच ती एथिक्सची सनावळी महत्त्वाची. संशोधक चांगला माणूस आहे, एवढ्याने भागत नाही, हे ती कागदपत्रं सांगतात. आपल्याकडे आयसीएमआरने पहिलं धोरण १९८० मध्ये आणलं, सध्याची मार्गदर्शक तत्त्वं २०१७ ची आहेत. एथिक्स कमिटीचा फॉर्म भरताना कंटाळा येतो, मान्य आहे. पण 'सहभागी व्यक्ती कधीही बाहेर पडू शकते' हे एक वाक्य इशीच्या वाट्याला आलं नव्हतं, आणि मृत्यूनंतर शरीराचं काय करायचं हे ठरवणारं त्याच्या बाजूचं कोणी तिथे नव्हतं.

तुमचा विषय माणसांशी संबंधित नसेल तरी हे लागू पडतं. रक्ताचे नमुने, जुनी हाडं, डीएनए, आदिवासी पाड्यावरून आणलेलं बियाणं, या सगळ्यामागे कोणीतरी असतं. सिनॉप्सिस लिहिताना 'सॅम्पल' हा शब्द येईल तिथे स्वतःला विचारा : हे कोणाकडून आलं, त्यांना काय सांगितलं, आणि काम संपल्यावर हे कुठे जाणार?

एक छोटा गृहपाठ देतो. 'आइसमॅन' मिळाला तर वही घेऊन बघा. चार्लीबद्दल निर्णय होतो त्या प्रत्येक प्रसंगी खोलीत कोण कोण आहे आणि चार्ली त्या वेळी कुठे आहे, एवढंच दोन रकान्यांत लिहा. मग तोच तक्ता तुमच्या स्वतःच्या प्रस्तावासाठी करून बघा.