वऱ्हाडातून दिल्लीसाठी कोण उभं राहिलं?

डॉ. पंजाबराव देशमुख लोकसभेवर तीनदा निवडून गेले आणि तेही तीन वेगवेगळ्या राज्यांतून. १९५२ साली मध्य प्रदेशातून, १९५७ साली मुंबई राज्यातून आणि १९६२ साली महाराष्ट्रातून. त्यासाठी त्यांना बिऱ्हाड मात्र एकदाही हलवावं लागलं नाही. उमेदवार तोच, अमरावतीचा मतदारही तोच. राज्य तेवढं दर वेळी नवं. वऱ्हाडातून संसदेसाठी कोण कोण उभं राहिलं हे शोधत मागे गेलं, की हीच गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते. खासदार निवडतो मतदारच. पण कोणत्या घडणीचा माणूस त्याच्यापुढे उभा राहणार, हे बरंचसं आधीच ठरलेलं असतं. ते ठरवतात मताधिकाराच्या अटी, मतदारसंघाच्या हद्दी, राखीव जागा आणि पक्षांचं जागावाटप.

या वंशावळीची सुरुवातच मोठी चमत्कारिक आहे. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १९०३ साली ते मध्य प्रांताच्या कारभाराला जोडलं गेलं, पण नावापुरती मालकी निजामाचीच राहिली. कायद्याच्या भाषेत वऱ्हाड 'ब्रिटिश इंडिया'त मोडत नव्हतं. त्यामुळे १९१९च्या कायद्यानंतर इथे निवडणूक व्हायची, लोक मतं द्यायचे, उमेदवार जिंकायचा आणि मग सरकार त्याची रीतसर 'नियुक्ती' करायचं. लोकनायक बापूजी अणे दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात वऱ्हाडचा आवाज होते. ते लोकांच्या मतांवर गेले होते, पण कागदावर नियुक्त सदस्य होते.

त्या काळचा उमेदवार म्हणजे वकील. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, रंगनाथ नरसिंह मुधोळकर, मोरोपंत जोशी आणि यवतमाळचे अणे हे सगळे वकिलीतूनच पुढे आलेले. १८९७ साली काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीत भरलं तेव्हा स्वागताध्यक्ष खापर्डे होते. मुधोळकर १९१२च्या बांकीपूर अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. खापर्डे पुढे १९२० ते १९२५ या काळात कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये होते. मताचा अधिकार तेव्हा मालमत्ता, सारा आणि शिक्षण यांच्या अटींनी बांधलेला होता. मत देणारे मूठभर, म्हणून उभे राहणारेही त्याच मुठीतले. कपाशीच्या शेतात राबणारा माणूस ना मतदार होता, ना उमेदवार.

या मुठीला पहिला मोठा धक्का पंजाबरावांनी दिला. ते पापळच्या शेतकरी घरातले, विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतलेले. त्यांनी अमरावतीच्या अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहात भाग घेतला, जिल्हा कौन्सिलच्या अध्यक्षपदी असताना सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या आणि १९३० साली प्रांताचं मंत्रिपद मिळवलं. पण राजकारणाच्या दृष्टीने त्यांचं टिकाऊ काम १९३२ सालचं आहे, श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना. शाळा आणि वसतिगृहं गावोगाव गेली आणि त्यांच्यामागून माणसं जोडली गेली. वकिलाच्या जागी संस्था उभारणारा माणूस उमेदवार म्हणून आला. हाच साचा नंतर सगळ्या महाराष्ट्राने गिरवला. पंजाबराव मात्र दिल्लीतही शेतीचंच काम करत राहिले. ते १९५२ ते १९६२ केंद्रात कृषिमंत्री होते. अकोल्याचं कृषी विद्यापीठ आज त्यांच्या नावाने आहे.

१९५२च्या निवडणुकीत प्रत्येक सज्ञान माणसाला मत मिळालं. मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत तेव्हा नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर त्याचं चिन्ह. मतदार आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायचा. ज्या मुलखात बैलजोडीशिवाय घर चालत नव्हतं, तिथे काँग्रेसचं चिन्हच बैलजोडी होतं. पंजाबराव अमरावती पश्चिममधून निवडून आले, कृष्णराव गुलाबराव देशमुख अमरावती पूर्वमधून. बुलडाणा-अकोला हा तर दोन खासदारांचा मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव आणि मतदाराला मतं दोन. तिथून गोपाळराव खेडकर आणि लक्ष्मण भटकर असे दोघे दिल्लीला गेले. ही पद्धत १९६१च्या कायद्याने बंद झाली. त्यासरशी भटकरांसारख्या उमेदवाराची अकोल्यातली राखीव जागाही गेली.

याच १९६२ पासून अकोल्याने एक वेगळं पान लिहिलं. त्या वर्षी मोहम्मद मोहिब्बुल हक निवडून आले, १९६७ आणि १९७१ साली असगर हुसेन. तिन्ही वेळा पक्ष काँग्रेस. म्हणजे सलग पंधरा वर्षं अकोल्याचा खासदार मुस्लिम होता. आजच्या अकोल्यात 'मतविभागणी' हाच शब्द सर्वांत आधी निघतो, म्हणून ही नोंद मुद्दाम करावीशी वाटते. अमरावतीचं पान आणखी वेगळं. पंजाबराव १० एप्रिल १९६५ला गेले. पोटनिवडणुकीत विमलाबाई देशमुख निवडून आल्या. पुढे उषा चौधरी (१९८०, १९८४), प्रतिभा पाटील (१९९१) आणि नवनीत राणा (२०१९) अशी ही यादी चार स्त्रियांपर्यंत गेली. शेजारच्या अकोल्याने आजवर एकाही स्त्रीला लोकसभेत पाठवलेलं नाही.

मधल्या काळात उमेदवाराचा आणखी एक प्रकार रुजला. प्रचारात त्याला 'बाहेरचं पार्सल' म्हणतात. आणीबाणीनंतर १९७७ साली उत्तर भारतात काँग्रेसची धूळधाण होत असताना नागपूरचे वसंत साठे अकोल्यातून काँग्रेसच्या तिकिटावर जिंकले. पांडुरंग फुंडकर बुलडाणा जिल्ह्यातल्या खामगावचे. १९८९, १९९१ आणि १९९६ असे तीनदा ते भाजपकडून अकोल्याचे खासदार झाले. जळगावच्या राजकारणातल्या प्रतिभा पाटील यांचं सासर अमरावतीचं, त्यामुळे त्यांना पार्सल म्हणणं अवघडच होतं. 'कोन्या गावचा हाय?' हा प्रश्न वऱ्हाडात सगळ्यांना विचारला जातो. पण निकालांची यादी पाहिली तर उत्तरावरून माणूस पाडल्याचे दाखले थोडेच. त्याच अमरावतीने १९८९ साली कम्युनिस्ट पक्षाच्या सुदामकाका देशमुखांना निवडून दिलं होतं. पक्षाच्या नावालाही इथे फार घाबरत नाहीत.

१९९८ साली या वंशावळीत सर्वांत मोठी नोंद झाली. काँग्रेसने रिपब्लिकन गटांशी समझोता करून त्यांना चार जागा सोडल्या आणि चारही निवडून आल्या. त्यांतल्या दोन वऱ्हाडातल्या होत्या, अमरावतीतून रा. सू. गवई आणि अकोल्यातून प्रकाश आंबेडकर. चारपैकी एकही जागा राखीव नव्हती. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले होते, हे आठवलं की या निकालाचं वजन कळतं. पण हे वजन आघाडीच्या बेरजेचं होतं. प्रकाश आंबेडकर १९९९ला पुन्हा जिंकले. दलितांबरोबर लहान लहान ओबीसी जातींना जोडणारा त्यांचा 'अकोला पॅटर्न' जिल्हा परिषदेत पक्का रुजला. लोकसभेला मात्र २००४ पासून २०२४ पर्यंत पाचही वेळा ते हरले. चार वेळा संजय धोत्रे जिंकले आणि पाचव्या वेळी त्यांचे चिरंजीव अनुप. २०२४ला अनुप धोत्रे यांनी काँग्रेसच्या अभय पाटील यांना ४०,६२६ मतांनी मागे टाकलं. तिसऱ्या क्रमांकावरच्या आंबेडकरांना पावणेतीन लाखांवर मतं होती. बेरीज जमली तेव्हा सर्वसाधारण जागा दलित नेत्याला मिळाली, मोडली तेव्हा भाजपला. वीस वर्षं अकोल्याचं गणित हेच आहे.

अमरावतीचं गणित नकाशाने बदललं. नव्या फेररचनेनुसार २००९ साली निवडणूक झाली, तेव्हा अनुसूचित जातींसाठीचं आरक्षण बुलडाण्यातून उठलं आणि अमरावतीला आलं. त्याबरोबर बुलडाण्याचे खासदार आनंदराव अडसूळही अमरावतीला आले आणि दोनदा जिंकले. त्याच फेररचनेत अमरावती जिल्ह्यातले धामणगाव रेल्वे आणि मोर्शी हे विधानसभा मतदारसंघ वर्ध्याच्या लोकसभेला जोडले गेले, तर वाशीम जिल्ह्यातलं रिसोड अकोल्याला. जिल्हा एक, खासदार दोन, अशी आज दोन्हीकडची स्थिती आहे.

आरक्षण आलं की वाद जातीच्या दाखल्यापर्यंत जातो. २०१९ला अपक्ष म्हणून जिंकलेल्या नवनीत राणा यांचा दाखला मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने तो ४ एप्रिल २०२४ला वैध ठरवला आणि त्याच दिवशी त्यांनी भाजपकडून उमेदवारी अर्ज भरला. त्या निवडणुकीत दर्यापूरचे आमदार, काँग्रेसचे बळवंत वानखडे १९,७३१ मतांनी विजयी झाले.

त्याच निवडणुकीत अकोल्यात १५ उमेदवार होते आणि अमरावतीत ३७. एका मतदान यंत्रावर 'नोटा' धरून सोळा बटणं असतात. अकोल्याचं काम एका यंत्रात भागलं, अमरावतीत प्रत्येक केंद्रावर तीन यंत्रं मांडावी लागली. इथेही नियमाचा हात असू शकतो. १९५१च्या कायद्यात अनामत रक्कम ५०० रुपये होती, आता २५,००० आहे. पण अनुसूचित जातीच्या उमेदवाराला निम्मीच भरावी लागते आणि राखीव मतदारसंघात सगळेच उमेदवार त्या सवलतीतले. एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून अधिक मतं मिळाली नाहीत, तर अनामत जप्त होते. अमरावतीत ३७ पैकी ३५ जणांची झाली.

वकील, संस्थाचालक, पक्षाने पाठवलेला, आघाडीने उभा केलेला, घराण्याचा वारस, स्वतःच्या नावावर लढणारा अपक्ष, अशी ही शंभर वर्षांची वंशावळ आहे. प्रत्येक नवा प्रकार चौकट बदलली तेव्हाच पुढे आला आहे. पुढचा बदल कायद्यात लिहून ठेवलेला आहे. २०२३च्या १०६व्या घटनादुरुस्तीने लोकसभेत एक-तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव केल्या, पण अंमल जनगणनेनंतर होणाऱ्या मतदारसंघ फेररचनेशी बांधला. ती फेररचना येईल तेव्हा हद्दींवर हरकती आणि सूचना मागवल्या जातील. उमेदवारांची नावं जाहीर झाल्यावर चौकात बसून वाद घालण्यापेक्षा वऱ्हाडातल्या मतदाराने त्या वेळी नकाशा उघडून आपली हरकत नोंदवावी. तिकिटाची निम्मी वाटणी तिथेच होऊन गेलेली असते.