प्रेमकथेतील वेड

धामणगाव बढे येथील कुटुंबांना आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातील, पिंपळगाव सराई येथील सैलानी बाबांचा दर्गा ठाऊक असतो. होळीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेला लांबलांबचे लोक आपल्या मनोरुग्ण आप्तांना घेऊन येत; काहींना साखळीने बांधून आणले जाई. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीला मनाई केली. परंतु ‘लग्न लावून द्या, म्हणजे ताळ्यावर येईल’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला कोणता कायदा रोखणार? या सल्ल्याला आपल्या प्रेमकथांनी किती खतपाणी घातले, हे तपासून पाहावेसे वाटते.

आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे भाषांतर 1883 मध्ये प्रसिद्ध केले. त्यातून मराठी वाचकाला ऑफेलिया भेटली: प्रियकराने झिडकारलेली, पित्याच्या वधाने भ्रमिष्ट झालेली, अखेर पाण्यात बुडालेली. त्याआधी इंग्रजीत ‘जेन एअर’ (1847) मधील बर्था माळ्यावर कोंडली गेली होती. ती नायकाच्या दुसऱ्या विवाहातील अडसर. ती आगीच्या वेळी मरण पावते आणि कथा सुखान्त होते. तिला स्वतःची कहाणी मिळाली ती थेट 1966 साली, जीन ऱ्हीस यांच्या कादंबरीत.

मराठीत या विषयाला खरी खोली दिली ती जयवंत दळवींनी. ‘अंधाराच्या पारंब्या’ या स्वतःच्याच कादंबरीवरून त्यांनी ‘बॅरिस्टर’ हे नाटक लिहिले. 1977 मध्ये विजया मेहता यांनी ते रंगभूमीवर आणले. विक्रम गोखले यांची त्यातील भूमिका गाजली. घराण्यातले वेड आपल्यालाही गाठील, या भयाने बॅरिस्टर ग्रासलेला आहे, आणि तरुण विधवा राधेविषयी त्याच्या मनात ओढ आहे. वेड येण्यापूर्वीचा शहाणा, सुसंस्कृत, भ्यालेला माणूस दळवींनी दाखविला. प्रेक्षकाला तो परका वाटत नाही, हे मोठेच यश. मात्र वेड रक्तातून अटळपणे येतेच, हा समज नाटक पुसत नाही, उलट पक्का करते. आनुवंशिकतेने धोका वाढतो, विधिलिखित ठरत नाही.

विवाहाविषयी ख्रिस्तसभेची भूमिका कथालेखकांपेक्षा अधिक सावध आहे. 1983 च्या धर्मसंहितेतील कॅनन 1095 मानसिक कारणांमुळे विवाहाची संमती देण्यास वा विवाहाची कर्तव्ये पेलण्यास असमर्थ असलेल्यांचा विचार करतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1987 मध्ये रोटा न्यायालयासमोर स्पष्ट केले, की केवळ अडचण म्हणजे असमर्थता नव्हे. म्हणजे आजार आहे एवढ्यावरून कोणी विवाहाला अपात्र ठरत नाही. मात्र आजार लपवून जुळविलेल्या लग्नात फसवणूक होते ती दोघांचीही, आणि गोळ्या चोरून घ्याव्या लागणाऱ्या सुनेचे हाल तर विचारू नयेत.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (2004) या चित्रपटातील शेषला स्किझोफ्रेनिया आहे. त्याची बहीण दमते, चिडते, तरी त्याला डॉक्टरांकडे नेते. उपचार सुरू होतात. चमत्कार घडत नाही. तिथे सांभाळणारी बहीण आहे. रोजची गोळी डब्यात घेऊन सासरी आलेली, आणि नवऱ्याला ते आधीपासून ठाऊक असलेली नायिका माझ्या वाचनात अद्याप आलेली नाही.