कापडाचा दोष कोणाच्या माथी?

काही वर्षांपूर्वी १ मेच्या मोर्चासाठी आम्ही युनियनतर्फे छापील टी-शर्ट करवून घेतले. तीन ठिकाणांहून भाव मागविले आणि सर्वांत स्वस्त तो पत्करला. छपाई अंधेरीच्या एका लहानशा गाळ्यात झाली. पहिल्याच धुण्यात टी-शर्ट आखडला, कडेची शिवण पोटावर आली आणि युनियनचे नाव तिरपे झाले. आम्ही रागावून छपाईवाल्याचे उरलेले पैसे अडकवून ठेवले. तेव्हा आमच्यातलेच एक निवृत्त साचेवाले काका टी-शर्ट उजेडाकडे धरून म्हणाले, “छाप धड आहे. कापडच कच्चे आहे. ते निवडलेत तुम्ही, आणि दंड त्या पोराला?”

श्रोतेहो, हा प्रश्न मुंबईच्या कापडधंद्याइतकाच जुना आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली व १८५६ साली ताडदेवला त्यांची गिरणी सुरू झाली. पुढे १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मग गठ्ठ्यांत सरकी, माती व पाणीही विकले जाऊ लागले. अखेर १८६३ साली मुंबई सरकारला कापसातील लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. हा आखूड तंतूचा ‘सुरती’ कापूस लँकेशायरला पोहोचला, तेव्हा धागे तुटू लागले आणि कामाच्या मापावर मजुरी मिळविणाऱ्या तिथल्या मजुराची कमाई घटली. सुताचा कमकुवतपणा झाकण्यासाठी कारखानदार खळीत चिनी माती घालीत. दुकानात असे कापड हाताला भरदार लागे. धुतल्यावर त्याचे फडके होई.

आमच्या गिरणगावातही निराळे नव्हते. कापसाचे मिश्रण ठरवावयाचे वरिष्ठांनी. हलका कापूस पडला की ताणा तुटे, साचा उभा राही, आणि मापावर पगार असल्यामुळे विणकराची मजुरी बुडे. वर खराब झालेले कापड त्याच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापीत. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले कमिशनने दंड व कपातीचा हा प्रश्न तपासला. १९३१ साली त्याचा अहवाल आला. त्यानंतर १९३६ च्या वेतन कायद्याने दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली, कामगाराचे म्हणणे ऐकून घेण्याची अट घातली, आणि नुकसानीची कपात त्याच्या स्वतःच्या हयगयीपुरतीच ठेवली.

परंतु हयगय कोणाची, हे ठरवावयाचे कसे? त्यासाठी माप लागते. माटुंग्याला १९२४ साली कापसाची प्रयोगशाळा निघाली. १९५४ साली स्थापन झालेली बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन तर आपल्या घाटकोपरातच आहे. तंतूची लांबी, सुताची ताकद, कापडाचे आखडणे, ही सारी अशा ठिकाणी मोजली जातात. तेथे दोष अंदाजाने कोणाच्या माथी मारावा लागत नाही.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. टी-शर्टचे पुष्कळसे कापड आता तमिळनाडूतील तिरुपूरला तयार होते आणि उपनगरांतल्या गाळ्यांत त्यावर छपाई होते. गोविंदा पथके, गणेश मंडळे, युनियन, सारेच गिऱ्हाईक. माल अनेक हातांतून येतो. आपल्याला दिसतो तो मात्र शेवटचा हात, आणि आपण धरतो तोही तोच.

म्हणून गिऱ्हाइकानेच थोडी पारख शिकावी. टी-शर्टचे कापड बनियनसारखे, फासांचे असते. सुताचा पीळ नीट बसवलेला नसला की शिवण फिरते. ताणून वाळविलेले कापड धुण्यात मूळ जागी येते, म्हणजेच आखडते. कोम्ब्ड सुतातून आखूड तंतू विंचरून काढलेले असतात, म्हणून ते कार्डेडपेक्षा गुळगुळीत व टिकाऊ. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. ३० नंबर म्हणजे २५,२०० वार. नंबर जितका मोठा, तितके सूत बारीक. दुकानदार सांगतो ते १८० जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचे वजन १८० ग्रॅम; परंतु वजन म्हणजे प्रत नव्हे, हे चिनी मातीने शिकविलेच आहे. सुताचा टोकाचा धागा जाळून पाहावा: कापूस असेल तर जळक्या कागदाचा वास येऊन राख पडते, पॉलिएस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो. आणि मुख्य म्हणजे, छपाईपूर्वी एक नमुना मागून घ्यावा, त्यावर २० सेंटीमीटरचा चौकोन आखावा व तीनदा धुऊन वाळवावा. बाजू १ सेंटीमीटरने घटली, तर कापड ५ टक्के आखडले.

आम्ही त्या गाळ्यात गेलो, उरलेले पैसे चुकते केले आणि चूक आमची होती असे सांगितले. पुढच्या खेपेस त्यांनीच आम्हांला दोन नमुने दिले. ते आम्ही घरी नेऊन धुतले, मोजले, आणि महागातला घेतला. युनियनच्या सभेत त्या जादा खर्चावरून आम्हांला बोलणी खावी लागली. ती आम्ही ऐकून घेतली.