'फोर मूड्स' (१९७०) : तैवानमधील चिनी भूतकथापट आणि विस्थापित दिग्दर्शकांची पिढी

इ. स. १९७० मधील 'फोर मूड्स' हा तैवानमध्ये निर्माण झालेला, चार स्वतंत्र कथांचा चिनी चित्रपट होय. मूळ शीर्षकातील चार अक्षरे हर्ष, क्रोध, शोक आणि आनंद या भावांची निदर्शक असून हे भाग अनुक्रमे बाई जिंगरुई, किंग हू, ली शिंग व ली हान-श्यांग यांनी दिग्दर्शित केले. हा चित्रपट केवळ भावाविष्काराचा प्रयोग मानल्यास त्याचा इतिहास नजरेआड होतो. त्यामागे एक कर्ज आहे आणि एक विस्थापनही आहे.

ली हान-श्यांग यांनी १९६३ मध्ये हाँगकाँगमधील शॉ ब्रदर्स ही बलाढ्य संस्था सोडून तैवानमध्ये 'ग्वोलियन' ही निर्मितिसंस्था उभारली. तिला सिंगापूरच्या कॅथे समूहाचे प्रमुख लोक वान थो यांचे पाठबळ होते. (मुंबईच्या सलीम अलींचे हे पक्षिनिरीक्षणातील स्नेही.) २० जून १९६४ रोजी तैवानमधील विमान अपघातात लोक यांचा मृत्यू झाला. पुढे 'शी शी' (१९६५) सारखा खर्चिक ऐतिहासिक चित्रपट पडद्यावर आला खरा; परंतु दशकाच्या अखेरीस संस्था कर्जबाजारी झाली. तिला हात देण्यासाठी उर्वरित तिघे दिग्दर्शक पुढे आले. यांपैकी किंग हू हे ली यांचे जुने सहकारी होते.

चौघांचाही जन्म चीनच्या मुख्य भूमीवरचा. १९४९ च्या सत्तांतराने त्यांची जन्मभूमी त्यांना दुरावली. त्यांनी निवडलेले कथाद्रव्य या दृष्टीने लक्षणीय ठरते. किंग हू यांचा भाग पेकिंग ऑपेरातील 'सानचाकौ' या नाट्यावर, म्हणजे सरायीतील अंधारातल्या द्वंद्वावर आधारलेला आहे. त्यात भूत नाही. इतर तिन्ही भागांत मात्र मृतांचा वावर आहे. बाई यांच्या भागात एक विद्यार्थी आणि स्त्रीरूपातील भूत यांची कथा संवादाविना उलगडते. ली शिंग यांचा नायक सूड उगवण्यासाठी परततो, तेव्हा वैरी आधीच मरण पावलेले असतात. परतण्याचे ठिकाण आहे, पण तेथे कोणी उरलेले नाही, ही या पिढीच्या परिचयाची स्थिती होती.

याच काळात मुख्य भूमीवर भुतांना रंगमंचच उरला नव्हता. १९६३ मध्ये चीनच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या पुढाकाराने भूतनाट्यांचे प्रयोग थांबविण्यात आले. लष्करी कायद्याखालील तैवानही मुक्त नव्हते. तथापि तेथे पारंपरिक भूतकथेला मज्जाव नव्हता.

ली हान-श्यांग यांनी स्वतःसाठी पू सोंगलिंग (१६४०–१७१५) यांच्या 'ल्याओझाई' संग्रहातील 'वांग लिउलांग' ही कथा आधाराला घेतली. बुडून मेलेल्याच्या भुताला पुनर्जन्म हवा असेल, तर त्याच्या जागी दुसऱ्या कोणी बुडावे लागते. कथेतील भुतासमोर ती संधी येते. नदीत पडलेल्या स्त्रीचे तान्हे मूल काठावर रडत असते, आणि भूत तिला सोडून देते. स्वतःच्या सुटकेची किंमत दुसऱ्यावर न लादणारा हा मृतात्मा कर्जाने ग्रासलेल्या दिग्दर्शकाने निवडावा, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

या साहाय्याने 'ग्वोलियन' सावरली नाही. ली पुन्हा हाँगकाँगला आणि शॉ ब्रदर्सकडे गेले. १९८३ मध्ये प्रदर्शित झालेल्या छिंग राजवटीवरील दोन चित्रपटांचे चित्रीकरण त्यांनी बीजिंगमध्ये, प्रत्यक्ष राजप्रासादात केले. १९९६ मध्ये त्यांचे निधनही त्याच शहरात झाले.