तंजावरच्या वाट्याला न आलेली कादंबरी

प्रौढ वयात आपल्या भाषेतील अभिजात कादंबऱ्या प्रथमच वाचावयास घेणारा मनुष्य, राहून गेलेल्या वाचनाची बाकी बहुधा स्वतःच्याच आळसाच्या नावे मांडतो. परंतु कावेरीकाठच्या मराठी घरात जन्मलेल्या वाचकाकडे ही बाकी एका खालसा झालेल्या संस्थानाकडून वारशाने आलेली असते.

तंजावरच्या मराठी गादीवर दुसरे सरफोजी 1798 साली आले आणि पुढल्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीशी झालेल्या तहाने राज्याचा कारभार त्यांच्या हातून गेला. तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख, एवढीच हुकमत उरली असता, श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्यापाशी शिकलेल्या या राजाने सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढविण्यास वाहून घेतले; युरोपीय भाषांतील हजारो छापील पुस्तके खरेदी केली आणि देवनागरी खिळ्यांचा छापखाना उभारला. त्या छापखान्यातून 1806 मध्ये इसापाच्या गोष्टींचे सख्खण पंडितकृत मराठी भाषांतर, ‘बालबोधमुक्तावली’, बाहेर पडले. पुण्यात तेव्हा अजून पेशवाई होती, हे ध्यानी घेतले म्हणजे मराठी कथा छापण्याच्या कामी तंजावर किती पुढे होते, ते उमगते.

सरफोजी 1832 मध्ये निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजी 1855 मध्ये पुत्रसंतानावाचून वारले आणि संस्थान खालसा झाले. पहिली मराठी कादंबरी म्हणून मान्यता पावलेले बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले 1857 साली. अवघ्या दोन वर्षांचे हे अंतर मला फार जिव्हारी लागते. दरबार गेला, तशी मोडी दप्तरे रुमालांत बांधली गेली. कारकुनी करणाऱ्या घराण्यांना चरितार्थासाठी तमिळ आणि इंग्रजी हाच मार्ग उरला. आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्ष्यांत कोण घेतो!’ ‘करमणूक’ पत्रातून 1890 पासून क्रमशः येऊ लागली, तेव्हा तंजावरची मराठी स्वयंपाकघरात आणि देवघरात जिवंत असली, तरी तिचा अक्षरांशी ऋणानुबंध तुटत चालला होता.

कादंबरीशी मात्र या भूमीचा वियोग झाला नाही. तंजावर जिल्ह्यातल्याच मायावरमचे मुन्सफ वेदनायकम् पिळ्ळै यांनी पहिली तमिळ कादंबरी, ‘प्रताप मुदलियार चरित्रम्’, लिहिली व ती 1879 मध्ये छापली गेली. पुढे याच जिल्ह्यातल्या ति. जानकीरामन् यांनी ‘मोहमुळ्’मध्ये जी नायिका उभी केली, तिची आई तंजावरची मराठी स्त्री, वडील तमिळ ब्राह्मण, आणि या मिश्र जन्मामुळेच तिचा विवाह जुळता जुळत नाही. दोन भाषांमध्ये अडकलेल्या या समाजाची व्यथा मराठी कादंबरीने नव्हे, तर तमिळ कादंबरीने अशी जवळून पाहिली, याबद्दल जानकीरामन् यांचे आपण मराठी वाचकांनी ऋण मानले पाहिजे.

त्या नायिकेचे नाव यमुना. तंजावरच्या ‘रायर’ म्हणवणाऱ्या मराठी घरातला वाचक तिला तमिळमधून तारुण्यातच ओळखतो. पतीसमवेत प्रवासाला निघून विधवांची दुःखे ऐकत फिरणारी आणि पुढे स्वतःच विधवा होणारी पदमनजींची यमुना भेटायची, तर त्याला उतारवयात बाळबोध अक्षरे गिरवावी लागतात, आणि घरात रोज बोललेला शब्द कागदावर कसा दिसतो, हे ओळीवर बोट ठेवून प्रथमच पाहावे लागते.