व्हायरस गेला, तरी जुनी फाईल टाकू नका



आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आई-बाबा तिकडे गावी आणि त्यांचे रिपोर्ट इकडे आपल्या व्हॉट्सॲपवर. त्यात कुणाकुणाच्या घरी हेपटायटिस सी चा रिपोर्ट येतो, "व्हायरस आढळला नाही." घरात पेढे वाटले जातात आणि फाईल माळ्यावर जाते. आनंद व्हायलाच हवा. पण मग लिव्हरच्या कॅन्सरची भीती संपली का? याचं उत्तर मिळायला जगाला बरीच वर्षं लागली. तीच गोष्ट आज सांगते.

१९७५ साली अमेरिकेत हार्वे आल्टर आणि सहकाऱ्यांना दिसलं, की रक्त चढवल्यावर होणारी बरीचशी कावीळ 'ए' चीही नाही आणि 'बी' चीही नाही. तो तिसरा विषाणू ओळखायला १९८९ उजाडलं. भारतात रक्तपेढीतल्या रक्ताची त्यासाठी तपासणी सक्तीची झाली २००१ मध्ये. म्हणजे आपल्या आई-बाबांच्या पिढीला त्याआधी बाळंतपणात, ऑपरेशनमध्ये किंवा अपघातानंतर जे रक्त मिळालं, त्याची ही तपासणी होणं बंधनकारक नव्हतं. शिवाय तेव्हा काचेची सिरिंज आणि तीच सुई पुन्हा पुन्हा वापरली जायची. आजार मात्र वीस-तीस वर्षं गुपचूप बसून राहतो.

आधी उपचार म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शनं. महिनोन्‌महिने ताप, अशक्तपणा, आणि एवढं करून गुण येईलच असं नाही. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविरला मान्यता मिळाली. एक गोळी १,००० डॉलरची, बारा आठवड्यांचा कोर्स ८४,००० डॉलरचा! सप्टेंबर २०१४ मध्ये गिलियड कंपनीने सात भारतीय कंपन्यांना परवाने दिले, त्यात आपल्या मुंबईची सिप्लाही होती. किंमत धाडकन खाली आली. २८ जुलै २०१८ ला भारत सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि सरकारी केंद्रांत औषध फुकट मिळू लागलं.

मध्येच २०१६ मध्ये एक धक्का बसला. ज्यांना आधी लिव्हरचा कॅन्सर होऊन गेला होता, अशा काही रुग्णांत या गोळ्यांनंतर तो अपेक्षेपेक्षा लवकर परतल्याचं बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी मांडलं. गोळीच कॅन्सर आणते की काय? २०१७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून २२,५०० रुग्णांचा हिशोब आला. ज्यांचा विषाणू गेला त्यांच्यात वर्षाला शंभरात ०.९ जणांना कॅन्सर, ज्यांचा गेला नाही त्यांच्यात ३.४५. म्हणजे गोळीने धोका बराच घटतो. पण बरे झालेल्यांतही फरक होता. सिरॉसिस नसेल तर ०.३४, असेल तर १.८२. विषाणू जातो, लिव्हरवरचे वण मात्र राहतात.

मग कुणाला धोका जास्त, हे आधी ओळखायचं कसं? इथे आपले इजिप्शियन शेजारी आठवा. त्यांच्या देशात १९५० ते ८० च्या दशकांत बिलहार्झिया या जंताच्या आजारावर सरकारी मोहिमेत इंजेक्शनं दिली गेली. सुया नीट निर्जंतुक होत नव्हत्या, आणि त्यातून हेपटायटिस सी गावोगाव पसरला. त्याच इजिप्तने २०१८-१९ मध्ये सुमारे पाच कोटी लोकांची तपासणी केली. तिथल्याच डॉ. गमाल शिहा आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये 'जीईएस' हा स्कोअर मांडला. त्यात पाच गोष्टी लागतात: वय, स्त्री की पुरुष, रक्तातलं अल्ब्युमिन, अल्फा-फीटोप्रोटीन, आणि उपचाराआधी लिव्हरचा फायब्रोसिस कुठल्या टप्प्यावर होता ते. त्यावरून कमी, मध्यम आणि जास्त धोका असे तीन गट पडतात.

पहिल्या चार गोष्टी आजही कळू शकतात. पाचवी फक्त त्या माळ्यावरच्या फाईलमध्ये आहे. आज नवीन फायब्रोस्कॅन केला तर आकडा बहुधा कमी येईल, कारण लिव्हरची सूज उतरलेली असते. पण तेवढ्या प्रमाणात धोका उतरतोच असं नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटना सांगतात, की उपचाराआधी सिरॉसिस असेल तर बरं झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवा. त्याच्या अलीकडच्या एफ-३ टप्प्यालाही काही ठिकाणी हाच सल्ला दिला जातो. गाठ लहान असताना सापडली तर ऑपरेशन, गाठ जाळणं किंवा लिव्हर ट्रान्सप्लांट असे मार्ग असतात. दुखायला लागल्यावर गेलं तर बरेचदा उशीर झालेला असतो.

मी डॉक्टर नाही, स्कोअर घरी मोजून निष्कर्ष काढा असंही म्हणत नाहीये. आई-बाबांना डायबेटिस, फॅटी लिव्हर किंवा दारूची सवय असेल तर तेही डॉक्टरांना सांगायला हवं. पण जुलैच्या सुट्टीत गावी जालच, तेव्हा एवढं करा: जुनी फाईल खाली काढा, उपचाराआधीच्या फायब्रोस्कॅनचा, प्लेटलेटचा आणि सोनोग्राफीचा फोटो काढून ठेवा, आणि बाबांच्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा, "औषध सुरू करताना फायब्रोसिस कितवा होता?" उत्तर एफ-३ किंवा सिरॉसिस आलं, तर पुढच्या सोनोग्राफीची तारीख घेऊनच परतीचं विमान पकडा.