स्पोकचा हिशेब आणि त्याचे मालक

समजा, एका कारखान्याला ५०० सायकली बनवायच्या आहेत. सायकलीला चाकं दोन, चाकाला स्पोक ३६. किती स्पोक मागवायचे? वर्गात विचारलं तर ३६,००० हे उत्तर चटकन येईल. पण गोदामात १०० चाकं तयार असतील तर? मग चाकं बनवायची ९००, त्यांना स्पोक ३२,४००. सुटे स्पोक ५,००० शिल्लक असतील तर मागवायचे २७,४०० च. शिवाय ते यायला तीन आठवडे लागणार असतील तर मागणी तितकी आधी नोंदवायला हवी.

गणित पाचवीचंच. पण यंत्राचे भाग हजारो असले की ते हातानं होत नाही. अमेरिकेत जोसेफ ऑर्लिकी आणि इतर काही जणांनी १९६० च्या दशकात ते संगणकावर बसवलं. १९७५ साली ऑर्लिकींचं पुस्तकही आलं. आय.बी.एम.ने मध्यम आकाराच्या कारखान्यांसाठी 'मॅपिक्स' काढलं. नेदरलँड्समध्ये यान बान यांनी १९७८ साली कंपनी सुरू केली. १९९४ साली बोइंगसारखं गिऱ्हाईक तिला मिळालं, पण १९९८ पासून ती तोट्यात रुतली. २००० साली ब्रिटनच्या इन्व्हेन्सिसनं ती विकत घेतली, २००३ साली अमेरिकेतल्या एस.एस.ए.नं.

दरम्यान २००२ साली गोल्डन गेट कॅपिटल या प्रायव्हेट इक्विटी संस्थेच्या पाठबळावर अजिलिसिस ही कंपनी उभी राहिली. अशा संस्था इतरांचा पैसा गोळा करतात, त्यात कर्जाची भर घालतात, कंपन्या विकत घेतात आणि काही वर्षांनी विकतात. अजिलिसिसनं इन्फोर नावाची कंपनी घेतली आणि २००४ साली चक्क तिचंच नाव स्वतःला लावलं. २००५ साली मॅपिक्स आलं, २००६ साली एस.एस.ए., आणि तिच्या पोटातून बानसुद्धा.

एवढी जुनी सॉफ्टवेअर कशाला हवी होती? कारण कारखाने त्यांच्या देखभालीसाठी दरवर्षी पैसे भरतात, आणि ते सहसा थांबवत नाहीत. आमच्या प्रयोगशाळेतल्या एका उपकरणाचंच घ्या. त्याचा प्रोग्राम नव्या संगणकावर चालत नाही, म्हणून जुना संगणक आम्ही जिवापाड जपतो. कारखान्याचं तर सगळंच त्यात अडकलेलं: कुठला भाग कशात बसतो, कोण किती दिवसांत पुरवतो. प्रणाली बदलायची म्हणजे हे सगळं नव्यानं भरायचं, आणि तोवर उत्पादन थांबवून चालत नाही. विकत घेतली जात होती ती ही अडचण, असं आम्हाला वाटतं.

पण अशा खरेदीनं जुना प्रोग्राम जगतो, हेही खरं. एकटी कंपनी बुडाली असती तर गिऱ्हाइकांनी दुरुस्तीसाठी कोणाचं दार ठोठावलं असतं? मात्र सुधारणेवर किती खर्च करायचा, हे कारखान्यातला माणूस ठरवत नाही, मालक ठरवतो.

२०२० साली इन्फोर संपूर्णपणे कोक इंडस्ट्रीजकडे गेली. तेलशुद्धीकरण, खतं, कागद अशा कितीतरी धंद्यांचा हा समूह. म्हणजे पुन्हा एक कारखानदारच. बानचा वारसा 'इन्फोर एल.एन.' या नावानं पुढे चालू राहिला.